रात्री किती टन झालं?

परवा जेवण करून बसलो होतो आणि गोकुळ शिरगावच्या एका मित्राचा फोन आला. त्याचं मशिन शॉप आहे, पन्नास-साठ माणसं, आणि गेल्या वर्षी त्यानं कन्सल्टंट लावून पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन वगैरे व्यवस्थित करून घेतलाय. म्हणाला, "प्लॅन एक नंबर झालाय रे, पण लोकंच हलत नाहीत. मिटिंगला माना डोलवतात आणि खाली जाऊन परत तेच. तुमच्याकडं कसं जमवलंस? तुझी ती पीपीटी असली तर पाठव की."

पीपीटी आहे माझ्याकडं. पण ती पाठवून उपयोग नाही, कारण आमच्याकडं जे थोडंफार जमलं ते पीपीटीमुळं जमलेलं नाही. अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून इथं सविस्तर लिहून काढतोय. कुणाच्या हाताखाली दहा माणसं जरी असतील तरी त्याला हे कामाला येईल असं मला मनापासून वाटतं.

आमची फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) शिरोली एमआयडीसीत. आप्पांनी म्हणजे वडिलांनी सुरू केलेली. आधी उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये क्युपोला (कोळशावरची भट्टी) होता, ऑईल इंजिनाची कास्टिंगं म्हणजे ओतीव भाग करायचे. कोल्हापूरच्या निम्म्या फाउंड्र्यांची गोष्ट अशीच आहे, नदीचं पाणी उसाला चढवायला इंजिनं लागायची, इंजिनाला बिडाचं काम लागायचं. मग शिरोलीत जागा घेतली, इंडक्शन फर्नेस म्हणजे विजेच्या भट्ट्या आल्या, आणि धंदा वाढला तो वजनावर. किलोला इतका दर, महिन्याला इतके टन, हाच हिशोब. तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की नुसत्या वजनावर आता चालणार नाही, ग्रे आयर्नचं, म्हणजे साध्या बिडाचं, काम करणारे शंभर जण आहेत, दरात एकमेकांचा गळा कापतात. आपण एसजी आयर्नमध्ये, म्हणजे सहज न तुटणाऱ्या बिडात, जायचं आणि कास्टिंग कच्चं न देता मशिनिंग करून तयार जॉब द्यायचा. टनेज कमी झालं तरी चालेल, पण पीस परत येता कामा नये.

निर्णय बरोबर होता आणि आजही मला तो बरोबरच वाटतो.

त्यासाठी पन्हाळ्याला दोन दिवस बसलो. मी, आप्पा, धाकटा भाऊ, चार डिपार्टमेंटचे हेड आणि पुण्याहून आलेले एक सर. छान चर्चा झाली. परत आल्यावर गेटच्या आत मोठी पाटी लावली, त्यावर पाच मुद्दे, पहिलाच मुद्दा क्वालिटी. सगळ्यांना गोळा करून मी वीस मिनिटं बोललो, चहा-वडा झाला, टाळ्या झाल्या. आणि पुढं सहा महिने काहीही बदललं नाही. काहीही म्हणजे अक्षरशः. एसजीच्या ऑर्डरी आल्या, पण रिजेक्शन इतकं की पुण्याच्या बाजूच्या एका ग्राहकानं अख्खा लॉट परत पाठवला, वर डेबिट नोट, म्हणजे पैसेही कापले. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, आपल्या लोकांना बदलायचंच नाही. हे वाक्य मी त्या सहा महिन्यात किती जणांपुढं बोललो असेन याची गणती नाही, आणि आज त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ते खोटं होतं.

झालं असं की एका रात्री मी मेल्टिंगला थांबलो. तेव्हा रात्रीची वीज स्वस्त पडायची म्हणून मेल्टिंग रात्रीच असायचं, आणि मी रात्री थांबायचो फार क्वचित. आमचे भट्टीवरचे मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात, माझ्या लहानपणापासून आहेत) हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा एक घाणा, काढत होते. ज्यांना फाउंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एसजी आयर्नमध्ये वितळलेल्या लोखंडाला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट देतात, त्यानं आतला ग्राफाईट पापुद्र्यांसारखा न राहता गोल गोळ्यांसारखा होतो आणि म्हणून ते कास्टिंग वाकतं, ताण सोसतं, फटकन तुटत नाही. पण ट्रीटमेंटचा गुण टिकतो थोडाच वेळ. लॅडल (वितळलेलं लोखंड न्यायची बादली) भरून ठेवलं की मॅग्नेशियम उडत जातं, त्याला आम्ही मेटल फेड झालं म्हणतो. आमच्याकडं ट्रीटमेंटपासून शेवटचा बॉक्स, म्हणजे वाळूचा साचा, भरेपर्यंत आठ मिनिटं धरतात. आठच्या वर गेलं तर उरलेलं मेटल बॉक्समध्ये ओतायचं नाही, पिगिंग करायचं, म्हणजे वेगळ्या साच्यात ओतून लाद्या करायच्या आणि नंतर परत वितळवायचं.

त्या रात्री क्रेन मध्येच अडकली. सहा-सात मिनिटं गेली. लॅडलमध्ये अजून निम्मं मेटल. मामांनी घड्याळाकडं बघितलं हे मी स्वतः पाहिलं, आणि बघून त्यांनी ते मेटल उरलेल्या बॉक्समध्ये ओतलं.

मी पुढं गेलो, आवाज चढला माझा. मामा, आठ मिनिटांचा नियम तुम्हाला माहीत नाही काय? मामांनी गॉगल वर केला आणि शांतपणे म्हणाले, "माहीत हाय की दादा. पण पिग केलं तर सकाळी आप्पास्नी काय सांगू? त्येंनी इचारलं रात्री किती टन झालं, तर निम्मं पिगात घातलं म्हणू?" मी पाटीचं नाव काढलं. तर म्हणाले, "पाटी वाचलीया मी. पण पाटी सकाळी मला काय इचारत न्हाई."

रात्री दोन वाजता शेडच्या बाहेर येऊन मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. कारण मामांचं शंभर टक्के खरं होतं. आप्पा तीस वर्षं रोज सकाळी आठला शेडमध्ये येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, रात्री किती टन झालं. कधी चुकलेलं नाही. आजारी असले तर फोनवरून विचारतात. त्या एका प्रश्नावर अख्खा कारखाना उभा राहिलाय, मामांची सगळी उमेद त्या प्रश्नाचं उत्तर ताठ मानेनं देता यावं यासाठी खर्ची पडली, आणि आम्ही पन्हाळ्याहून येऊन पाटी लावली, पण तो प्रश्न तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी एकेका डिपार्टमेंटला जाऊन एवढंच बघायला लागलो की या माणसाला शाबासकी कशाला मिळते आणि बोलणी कशाला बसतात. वही घेऊन बसलो. मोल्डिंगचा (साचे बनवायचा) ठेकेदार, त्याला दर बॉक्समागं पैसे, बॉक्स पुढं चांगला निघो का फेल जावो. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल साफ करायला, किलोवर पैसे, त्यामुळं जड माल आधी साफ होणार आणि नाजूक एसजीचे छोटे पीस कोपऱ्यात पडून राहणार. परचेसवाल्या पोराचं कौतुक कशाचं, तर स्क्रॅप दोन रुपये स्वस्त आणलं. आता एसजीला मँगनीज आणि सल्फर कमी असलेलं चांगलं स्क्रॅप लागतं, सीआरसीचं (कोल्ड रोल्ड पत्र्याचं) वगैरे, ते महाग असतं, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे स्वस्त आणत होता, कारण आम्ही त्याला तेच शिकवलं होतं. मशिन शॉपला मशिन किती तास चाललं हे विचारायचो, म्हणून तिथं संशय आलेला पीसही मशिनवर चढायचा, मशिन बंद दिसायला नको. मार्केटिंगवाल्याचा इन्सेंटिव्ह टनावर.

एकही माणूस कामचुकार नव्हता. जो तो आपापलं काम जीव लावून करत होता, आणि सगळ्यांचं मिळून जे होत होतं ते आमच्या प्लॅनच्या बरोबर उलट होतं.

स्टीव्हन कर नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकानं १९७५ साली नेमक्या याच गोष्टीवर लेख लिहिला होता, की बक्षीस एका गोष्टीला द्यायचं आणि आशा दुसऱ्याच गोष्टीची करायची. त्याचं एक उदाहरण विद्यापीठाचं आहे, प्राध्यापकानं चांगलं शिकवावं अशी सगळ्यांची इच्छा, पण बढती मिळते संशोधनाच्या पेपरवर, मग तो कशाला वेळ देणार? पन्नास वर्षं झाली या लेखाला आणि मी तो आमचा लॉट परत आल्यावर वाचला.

पण खरं सांगायचं तर हे मला लेखापेक्षा दुधातून आणि उसातून जास्त स्पष्ट कळलं. आमची निम्म्याहून जास्त माणसं करवीर आणि हातकणंगले तालुक्यातल्या गावांतून येतात, घरी म्हैस आणि थोडातरी ऊस असतोच. एका मोल्डरबरोबर चहा घेताना बोलणं निघालं. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घातलं की तिथल्या तिथं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लागतं, पावती हातात. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून दर असतो, त्याच्या वरखाली गेलं की दर वरखाली, आणि दर दहा दिवसांनी बिल. म्हणून तो माणूस म्हशीला सरकी किती, वैरण कुठली, सगळं बघतो. क्वालिटीवर त्याला कुणी भाषण दिलेलं नाही. गोकुळ संघ १९६३ पासून चाललाय आणि जिल्ह्यातल्या घराघरातल्या बाईमाणसाला फॅट म्हणजे काय ते कळतं.

आणि त्याच माणसाचा ऊस बघा. साखर कारखान्याला हवी साखर, म्हणजे उतारा, उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दरही उताऱ्यावरच असतो, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये आणि उतारा वाढला तर वर आणखी. पण तो उतारा धरतात अख्ख्या कारखान्याचा सरासरी. माझ्या शेतातल्या उसात साखर जास्त भरली म्हणून मला वेगळं काही मिळत नाही, माझं बिल माझ्या टनावर. कारखाना सांगत राहतो ८६०३२ जातीचा ऊस लावा, उतारा चांगला पडतो, आणि लोकं २६५ लावतात, कारण टनेज जबरदस्त पडतं. तोडणीच्या टोळीलाही पैसे टनावरच. त्यात कुणाचं काही चुकत नाही. एकच शेतकरी, एकच घर, सकाळी दूध घालताना क्वालिटीचा आणि दुपारी उसात टनेजचा. माणूस तोच आहे, मोजमाप बदललं की तो वेगळा वागतो. आमच्या कारखान्यात आम्ही उसाचा हिशोब ठेवून दुधाची अपेक्षा करत होतो.

हे त्या मोल्डरलाच मी सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "मग लावा की फॅट मशिन."

तर मग फॅट मशिन लावायचं ठरलं, आणि इथून पुढचं काम अवघड होतं.

पहिलं म्हणजे पाच मुद्दे काढून टाकले. डोनाल्ड सल आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २०१५ चा एक अभ्यास आहे, त्यात त्यांनी विचारलेल्या मधल्या फळीच्या मॅनेजरांपैकी फक्त ५५ टक्क्यांना कंपनीच्या पहिल्या पाच प्राधान्यांतलं एक तरी सांगता आलं. मॅनेजर लोकांची ही गत, मग भट्टीवरच्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची. आम्ही एकच आकडा धरला, शंभर पीस ओतले तर मशिनिंग होऊन ग्राहकानं ठेवून घेतलेले किती. बास. तो रोज फळ्यावर खडूनं लिहायचा, शॉप फ्लोअरवर, कॅबिनमध्ये नव्हे.

मग प्रत्येक शॉपमध्ये जाऊन बसलो आणि विचारलं की या आकड्याला तुमच्या इथं काय नडतं. सांगायला गेलो नाही, विचारायला गेलो. जपानी लोकांची होशिन कान्री म्हणून पद्धत आहे, १९६० च्या दशकात ब्रिजस्टोनसारख्या कंपन्यांनी ती उभी केली, त्यात वरून ध्येय टाकायचं आणि खालून ते कसं जमेल, काय जमणार नाही हे परत वर यायचं, मग वरच्यानं बदल करून पुन्हा खाली, चेंडू झेलल्यासारखं. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिले पंधरा दिवस कुणी काही बोललंच नाही, सगळं ठीक आहे दादा, एवढंच. तीस वर्षं कुणी काही विचारलं नसेल तर पहिल्याच दिवशी कोण कशाला बोलेल.

तोंड उघडलं ते कोअर शॉपमधल्या मावशींनी. कोअर म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा. आमच्या कोअर शॉपला सगळ्या बायकाच आहेत. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात ह्या दारातनं नुसतं वारं येतंय. कोअर रातभर हितंच पडत्यात, ओल धरत्यात. सकाळी हातात घेतलं की गार लागत्यात, आमाला कळतंय की." ओला कोअर म्हणजे मेटल आत गेल्यावर पाण्याची वाफ, वाफेचा ब्लोहोल म्हणजे कास्टिंगमध्ये भोक, आणि तो ब्लोहोल दिसणार कुठं तर मशिनवर कातकाम झाल्यावर, म्हणजे सगळा खर्च होऊन गेल्यावर. जून ते सप्टेंबर ब्लोहोल वाढतात हे आम्हाला रेकॉर्डवरून माहीत होतं, आम्ही वाळू तपासत होतो, व्हेंट (हवा जायची भोकं) वाढवत होतो, बाहेरून माणूस बोलावून झाला होता. रॅक दारातून आत हलवला, वापरायच्या आधी कोअर पुन्हा ओव्हनमधून काढायला लागलो. एवढंच. त्या पावसाळ्यात ब्लोहोल किती कमी झाले ते फळ्यावर सगळ्यांनी बघितलं, आणि त्यानंतर बाकीच्या शॉपमधली माणसं बोलायला लागली, कारण मावशींचं ऐकलं हे त्यांना दिसलं.

पैशाचं प्रकरण मात्र चिघळलं. मी उत्साहात मोल्डिंगच्या ठेकेदाराला सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून पैसे चांगल्या बॉक्सचेच. त्यानं दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं आणली नाहीत. बोलावलं तर म्हणाला, "वाळू तुमची, पॅटर्न तुमचा, त्यो कडनं झिजलाय ते धा येळा सांगितलंय, आणि बॉक्स फेल गेला की पैसं माझं कापणार? हे काय बरोबर न्हाई दादा." आणि ते बरोबर नव्हतंच. जे ज्याच्या हातात नाही त्याचे पैसे त्याच्याकडून कापणं हा अन्याय आहे, मग त्याला इन्सेंटिव्ह स्कीम म्हणा नाहीतर आणखी काही. मला वाटतं बऱ्याच चांगल्या योजना इथंच मरतात, मालकाला हिशोब पटलेला असतो आणि माणसाला त्यात फसवणूक दिसते.

आम्ही स्कीम मागं घेतली. तीन महिने नुसतं रिजेक्शन झालेल्या प्रत्येक पीसवर खडूनं कारण लिहीत बसलो. वाळू पडली, मिसमॅच झालं (साच्याचे दोन भाग जुळले नाहीत) तर मोल्डिंगचं. श्रिंकेज (मेटल आकसून पडलेली पोकळी) आलं किंवा नोड्युलॅरिटी (ग्राफाईटचा गोलपणा) कमी आली तर मेल्टिंग आणि मेथडचं (मेटल साच्यात कसं जायचं ते ठरवणाऱ्यांचं). पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) झिजला असेल तर आमचं, म्हणजे कंपनीचं. रोज साडेचारला सगळ्या शॉपचा एकेक माणूस त्या ढिगापाशी उभा राहून ठरवायचा, आणि भांडणं व्हायची, जोरदार व्हायची. पण त्या भांडणात एक गोष्ट झाली जी मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये बघितलेली नाही, मोल्डिंगवाल्याला पहिल्यांदा कळलं की मशिनवर त्याच्या बॉक्सचं पुढं काय होतं, आणि मशिनवाल्याला कळलं की वाळूत ओल जास्त झाली तर काय होतं. सहा-सात वर्षं एका शेडमध्ये काम करणारी माणसं, पण त्या ढिगापाशी प्रथमच एकमेकांचं काम बघत होती. तीन महिन्यांनी ठेकेदारच म्हणाला, आता करा तुमची स्कीम, पण माझ्या कारणाचंच कापायचं, आणि चांगला निघाला तर वर द्यायचं. पहिले दोन महिने जुन्या हिशोबापेक्षा कमी पडलं तर फरक कंपनी देईल असं लिहून दिलं. फरक द्यावा लागला नाही.

दुसरी गोष्ट मामांची. त्यांना एक अधिकार दिला, आठ मिनिटं उलटली तर कुणालाही न विचारता पिगिंग करायचं. मला नाही, आप्पांना नाही, कुणालाच विचारायचं नाही. हे कागदावर लिहून त्यावर आप्पांची सही घेतली आणि तो कागद भट्टीपाशी लावला. सहीला आप्पा तयार व्हायला आठवडा गेला. त्यांचं म्हणणं, लोखंड वितळवायला वीज जाळलीय, ती कुणी भरायची? वितळलेलं मेटल पिगात जाताना बघणं हे त्यांच्या पिढीच्या माणसाला अन्न टाकून दिल्यासारखं वाटतं, आणि मला त्यांचा मान राखूनच हे सांगायचंय, त्यांची ती काटकसर नसती तर आज ही फाउंड्री नसती.

पंधरा-वीस दिवसांनी एका रात्री पुन्हा उशीर झाला आणि मामांनी जवळजवळ ४०० किलो पिगात घातलं. मला रात्रीच फोन आला. सकाळी मी आप्पांच्या आधी पोचलो. आठला आप्पा आले, मामा समोर उभे, दोघंही गप्प. आप्पांनी लाद्यांकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मशिनवरनं काल किती परत आलं?" मामांनी आकडा सांगितला. आप्पा बरं म्हणाले आणि पुढं गेले. टन विचारलंच नाही. त्या दिवशी शेडमधल्या प्रत्येकानं ते ऐकलं, ज्यांनी ऐकलं नाही त्यांना दहाच्या चहाला कळलं. माझ्या वीस मिनिटांच्या भाषणानं जे झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नानं झालं. पुढं आप्पांनी स्वतःच त्यांच्या लाल वहीत टनाच्या शेजारी पट्टीनं नवा रकाना आखला. टनाचा रकाना अजून आहे, तो जाणार नाही आणि जायचं कारणही नाही, बँकेला तो लागतोच.

आणखी एक गोष्ट मित्राला फोनवर सांगायची राहिली. नुसतं मोजमाप बदलून भागत नाही, माणसाला ते जमायलाही पाहिजे. यासाठी मला लांब जावं लागत नाही, आपल्या शाहू महाराजांचं बघतो. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या समाजासाठी ठेवण्याचा आदेश काढला. पण जागा ठेवल्या आणि शिकलेली माणसंच मिळाली नाहीत तर तो आदेश कागदावर राहिला असता. त्याच्या आधीच, १९०१ ला, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं, आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं, आजही दसरा चौकात गेलं की जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग समोर दिसतात. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला आणि जेवायला जागा नसेल तर तो शिकणार कसा, इथपर्यंत विचार पोचला होता. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आदेश, शाळा, राहायची सोय, दंड, सगळं एकाच दिशेला तोंड करून. मी दसरा चौकातून हजार वेळा गेलो असेन, पण हे असं एकत्र जोडून बघितलं ते गेल्या दोन वर्षातच.

आमच्या छोट्या प्रमाणात आम्ही काय केलं, तर मामांना आणि दोन पोरांना मायक्रोस्कोप वापरायला शिकवलं. आधी तो लॅबमध्ये कुलपात असायचा. मामांनी ज्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हीटचा नमुना त्यात बघितला, चांगल्या मेटलमधले गोल काळे ठिपके आणि फेड झालेल्यातले वेडेवाकडे, त्या दिवशी बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, हे आधी दावलं असतं तर. वय वर्षं ५८. आता रात्रीच्या प्रत्येक हीटचा नमुना ते स्वतः बघतात आणि नवीन पोरांना बोलावून दाखवतात.

सगळं छान झालं असं मात्र मी लिहिणार नाही. पहिले चार-पाच महिने टनेज खाली आलं, बँकेची सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा) तोंडाला आली, पगार एकदा चार दिवस उशिरा झाला आणि त्याबद्दल मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की का झाला. एक चांगला सुपरवायझर सोडून गेला, त्याला रोजचं ते ढिगापाशी उभं राहणं अपमानाचं वाटायचं, आणि त्याच्याशी मी आधीच नीट बोललो असतो तर कदाचित राहिला असता. परचेसचं अजून पूर्ण जुळलेलं नाही. स्क्रॅपचा दर आणि हीटची क्वालिटी एकत्र जोडून बघायची पद्धत बसवतोय, पण दर रोज दिसतो आणि क्वालिटी आठवड्यानं दिसते, त्यामुळं दरच जिंकतो बऱ्याचदा.

आणि मार्केटिंग. त्याचा इन्सेंटिव्ह अजून टनावर आहे. हो, तीन वर्षांनीसुद्धा. कारण तो बाहेरून ऑर्डर आणतो, तो दुखावला तर ऑर्डर थांबेल ही भीती मला होती, म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलं. आता त्यानं काउंटरवेटची (तोल राखायला लावतात त्या वजनांची) एक मोठी ऑर्डर आणलीय. नुसतं वजन, साधं ग्रे आयर्न, मशिनिंग जवळजवळ नाही, महिन्याला भरपूर टन, पैसे वेळेवर. घेतली तर दोन्ही भट्ट्या त्यातच गुंततात आणि एसजीचे पीस परत कोपऱ्यात. धाकटा भाऊ म्हणतो घेऊया, वर्षभर बँकेची काळजी मिटेल. त्याचंही अगदीच खोटं नाही. फळ्यापाशी उभं राहणाऱ्या माणसांना हे आधीच कळलंय, काल मोल्डिंगचा ठेकेदार विचारत होता, "दादा, परत टनावर जायचं काय?" मी म्हटलं उद्या सांगतो.

उद्या सकाळी साडेदहाला मार्केटिंगवाला येतोय, आप्पा आणि भाऊ बसणार आहेत, आणि या वेळी मी मामांनाही बोलावलंय.